हिवरे बाजार : चर खणणारे हात

१/
नगर तालुक्यातील हिवरे बाजारच्या डोंगरांवर आज झाडी दिसते. १९८० च्या दशकात हेच डोंगर उघडेबोडके होते. पावसाचे पाणी मातीला घेऊन ओढ्यात उतरे आणि गावाबाहेर निघून जाई. ते पाणी कुणी अडवले आणि त्या श्रमांची मजुरी कुणी दिली, याचा हा इतिहास.

२/
गाव पर्जन्यछायेतले. पाऊस वर्षाकाठी साधारण चारशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. विहिरी आटल्या, झाडे तुटली, माणसे मजुरीसाठी शहरांकडे गेली. मागे दारू आणि भांडणे उरली. सरकारी नोकरांना येथील बदली शिक्षेसारखी वाटे.

३/
१९८९ मध्ये गावातील तरुणांनी पुढाकार घेतला. एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार यांना त्यांनी सरपंचपदासाठी गळ घातली. शिकलेल्या मुलाने नोकरी धरावी, ही घरची अपेक्षा होती. तरीही ते उभे राहिले आणि बिनविरोध निवडून आले.

४/
पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेत हिवरे बाजारचा समावेश झाला. राळेगणसिद्धीच्या अनुभवावर बेतलेल्या या योजनेची पंचसूत्री अशी : नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान.

५/
यांतील ‘श्रमदान’ हा शब्द लोकांच्या स्मरणात राहिला. ‘रोजगार हमी’ मात्र विस्मरणात गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. हिवरे बाजारच्या डोंगरांवरील बरेचसे काम याच योजनेच्या मजुरीवर उभे राहिले. रिकाम्या पोटी डोंगर खणला जात नाही.

६/
काम कोणते? उतारावर सलग समतल चर, ओढ्यांवर बांध, पाझर तलाव आणि वृक्षलागवड. चर समपातळीत नसेल तर पाणी एका टोकाला धावते आणि बांध फोडते. म्हणून पाणलोटाच्या कामात खणण्याआधी आखणी येते. एक लाकडी चौकट व ओळंबा त्यासाठी पुरतो. असे काम करणारा हात मजुरीबरोबर विद्याही कमावतो.

७/
जगाच्या इतिहासात याला एक मोठे उदाहरण आहे. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अमेरिकेत रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांचे ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ उभारले. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुणांनी त्यात वृक्ष लावले, धूप रोखली, उद्यानांतील पायवाटा बांधल्या. महिन्याच्या तीस डॉलरपैकी बहुतांश रक्कम थेट घरी जाई.

८/
दोहोंत दोन भेद आहेत. अमेरिकेतील छावण्या केवळ पुरुषांच्या होत्या. रोजगार हमीच्या कामांवर स्त्रियांचा वाटा मोठा राहिला. दुसरे, तेथील बहुतेक तरुण काम संपल्यावर छावणी सोडून घरी परतत. हिवरे बाजारात चर खणणाऱ्याच्याच विहिरीला पाणी येणार होते.

९/
अर्थात, सर्वांची विहीर नव्हती. चराईबंदीचा पहिला भार शेळ्या पाळणाऱ्यांवर पडतो, आणि गवत वाढेपर्यंत थांबण्याची ऐपत सगळ्यांकडे सारखी नसते. म्हणूनच जनावरे मोकळी सोडण्याऐवजी गवत कापून नेण्याची मुभा महत्त्वाची ठरली. पुढे गवत वाढले, तसे दूधही वाढले.

१०/
१९९५ मध्ये गावात दारिद्र्यरेषेखालील १६८ कुटुंबे होती. पुढे ही संख्या तीनवर आली. गेलेली कुटुंबे परतली. पण चर गाळाने भरतात, आणि पाणी आले की उसाचा मोह येतो. म्हणून गावाने सिंचनासाठी बोअरवेलला आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना बंदी घातली. ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला : पाऊस किती पडला, पाणी किती मुरले, पेरायचे काय.

११/
२०२० साठी पोपटराव पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. नेतृत्वाचे नाव इतिहासात राहते, हजेरीपटावरील नावे राहत नाहीत. हिवरे बाजारचा डोंगर वाचताना मात्र दोन्ही वाचावी लागतात.