वाड्याचे बदलते वेष

नाशिकला गोदेला पूर आला की लोक आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी मारुतीच्या छातीला लागलं, की सराफ बाजार आणि भांडी बाजारात दुकानं रिकामी करायची धांदल उडते. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी ती उडाली. वाड्यांची खरी परीक्षा मात्र पाणी ओसरल्यावर सुरू होते. भिजलेली पांढरी माती सुकायला लागते, भिंत फुगते, आणि गावठाणातला एखादा वाडा पडल्याची बातमी येते.

पडलेल्या वाड्याचं सागवान वाया जात नाही. ते कुणाच्या तरी फार्महाउसमध्ये, नाहीतर एखाद्या कॅफेत जातं. खांबाला पॉलिश, वरून पिवळे दिवे, कोपऱ्यात तांब्याचा हंडा. हल्ली हीच ‘वाडा स्टाइल’. जुन्या घराला आजच्या चवीचं अंतरंग द्यायची कल्पना नवी आहे, असं काहींना वाटतं. नाशिकचे वाडे तर दोनशे वर्षं तेच करत आलेत.

वाड्याच्या बांधणीतच त्याची सोय होती. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि वर मातीचा थर. भार पेलायचा तो मुख्यतः लाकडाच्या सांगाड्याने. आतल्या भिंती बहुतेक आडोशापुरत्या. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर केवढं ते खणांत सांगायचं. खण मोकळा ठेवला की ओसरी, भिंत घातली की खोली. लेकाचं लग्न झालं, की सुतार बोलावून एक खण बंद करून घेतला की भागायचं.

सराफ बाजारातला सरकारवाडा हे याचं ठळक उदाहरण. पेशवाईतली ही वास्तू. त्या काळी राघोबादादांचा मुक्काम जवळच आनंदवल्लीला असे. १८१८ला पेशवाई बुडाली आणि वाड्यात इंग्रजी अंमलाची कचेरी आली. १८४०मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालयही एके काळी इथेच होतं. आता वाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. दरबार, कचेरी, पुस्तकांची कपाटं, सगळं त्याच खांबांमध्ये मावलं.

१८६५मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचा माल नाशिकला सहज येऊ लागला. रंगीत काचा, हंड्या-झुंबरं, बिडाचे कठडे. १८९४मध्ये रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती दिवाणखान्यात येऊन बसल्या. १९२२ला स्वदेशीच्या भरात भारत फ्लोअरिंग टाइल्सची सुरुवात झाली. सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांचं वेड पसरलं तसं शेणाने सारवायचं माजघरही त्या लाद्या मिरवू लागलं. आज ज्या लादीला आपण ‘अँटिक’ म्हणून जपतो, ती त्या काळची फॅशन होती.

घात झाला तो पुढे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. एका चौकाभोवती पाच-सहा बिऱ्हाडं, मध्ये पत्र्याचे आडोसे, जिन्याखाली मोरी. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. भाडेकरूंना दोष देणं सोपं आहे. पण ती बिऱ्हाडं नसती, तर कितीतरी वाडे आधीच ओस पडले असते.

त्या काळाचा हिशेब खांबावरच लिहिलेला सापडतो. सुतार पटाशीने खरवडायला लागला की आधी पिस्ता निघतो, त्याखाली निळा, त्याखाली चकचकीत हिरवा ऑइलपेंट. दर दिवाळीचा एक थर. मग कुठे केळफुलाच्या पाकळ्या दिसू लागतात, नि खाली तपकिरी सागवान. रंगाने बुजलेली नक्षी बहुधा शाबूत असते, ही त्यातली गंमत.

ऑइलपेंट खरवडता येतो, सिमेंटचं तसं नाही. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो; मातीच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजतं. कडीपाटावर संडास-बाथरूम काढलं तरी तेच. आणि फॉल्स सीलिंग? ते तर गळती दिसूच देत नाही. चांदवडच्या होळकरकालीन रंगमहालाला संरक्षित स्मारक म्हणून सरकार वाली आहे. तिवंधा-भद्रकालीतल्या घरमालकाच्या हाती पावसाळ्याच्या तोंडावर येते ती महापालिकेची नोटीस.

तेव्हा वाड्याचं काम काढणाऱ्यांनी मॉड्युलर किचन खुशाल करावं, पण ते परसाच्या बाजूला, जमिनीवर. नळ आणि वायरी भिंत न फोडता बाहेरून फिरवाव्यात, गिलावा चुन्याचाच करावा. आणि इंटिरिअर डिझायनरचं चित्र पास करण्याआधी जुन्या लाकडाचं काम जाणणारा सुतार बोलावून, भिंतीत शिरलेलं प्रत्येक तुळईचं टोक ठोकून बघून घ्यावं.