हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, तास वेगळे

दोन विमानतळांमधलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो, हा प्रश्न आपण भूगोलाच्या खात्यात टाकतो. आज तो इतिहासाच्या खात्यात घेऊ. उदाहरण एकच : फिनलंडमधलं हेलसिंकी आणि टोकियोजवळचं नारिता.

घरी पृथ्वीगोल असेल तर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो बराचसा रशियावरून, म्हणजे सायबेरियावरून जातो. अंतर भरतं सुमारे 7,800 किलोमीटर. जेट विमानाला साडेनऊ-दहा तास पुरावेत. पण ही वाट मिळायची कुणाला?

1944 च्या शिकागो करारात एक तत्त्व मान्य झालं : प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. शीतयुद्धात सोव्हिएत संघानं आपलं आकाश जवळजवळ बंदच ठेवलं. म्हणून 1957 मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सनं कोपनहेगनहून टोकियोला जायला उत्तर ध्रुवाकडची वाट धरली. मध्ये अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन भरायचं. 1970 नंतर काही कंपन्यांना मॉस्कोत उतरून सायबेरियावरून जायची मुभा मिळाली, पण ती मोजक्यांना.

एप्रिल 1983 मध्ये फिनएअरनं हेलसिंकी ते टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली. डीसी-10 विमानात जादा इंधनाची सोय केली आणि ध्रुवावरून, मग बेरिंग सामुद्रधुनीवरून वळसा घेत ते जपानला न्यायला लागले. वेळ लागायचा सुमारे तेरा तास.

वाट चुकण्याची किंमत काय होती, तेही त्याच वर्षी दिसलं. 1 सप्टेंबरला अँकरेजहून सोलकडे निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानानं ते पाडलं. आतली 269 माणसं गेली.

पुढे सोव्हिएत संघ ढासळला आणि सायबेरियाचं आकाश खुलं झालं. फुकट नव्हे बरं का, युरोपीय कंपन्या त्यासाठी रशियाला पैसे मोजत होत्या. पण तेरा तासांचे साडेनऊ झाले. फिनएअरनं तर आपला धंदाच या जवळच्या वाटेवर उभा केला : युरोपातले प्रवासी हेलसिंकीत गोळा करायचे आणि आशियात पोचवायचे. अँकरेजला थांबणारी परदेशी प्रवासी विमानं मात्र आटली.

मग फेब्रुवारी 2022. रशियानं युक्रेनवर मोठा हल्ला केला. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानं उलट तेच केलं. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा नारिताला जाऊ लागलं, ते कधी ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून वळसा घालून. वेळ? पुन्हा सुमारे तेरा तास!

आता विमान डीसी-10 नव्हतं, कमी इंधनात लांब जाणारं एअरबस ए-350 होतं. एकोणचाळीस वर्षांत यंत्र इतकं सुधारलं, आणि घड्याळ 1983 वर परत आलं. जादा तासांचं इंधन, जादा वैमानिक, हा सगळा भार शेवटी कंपनीच्या हिशेबात आणि तिकिटात उतरतो.

तेव्हा प्रवासाचे तास कमी होत जाणं हा काही निसर्गनियम नाही. दोऱ्यानं मोजलेलं अंतर बदलत नाही. त्या दोऱ्याखालच्या देशाची परवानगी बदलते, आणि ती एका आठवड्यात जाऊ शकते. इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ.