गुळवेल आणि करवंद (परसबागेतील लागवडीची तुलना)

गुळवेल (शास्त्रीय नाव: टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) ही झाडाच्या किंवा मांडवाच्या आधाराने चढणारी औषधी वेल असून करवंद (शास्त्रीय नाव: कॅरिसा कॅरंडास) हे काटेरी, सदाहरित फळझुडूप आहे. दोन्ही वनस्पती महाराष्ट्रात नैसर्गिकरीत्या आढळतात, हलक्या जमिनीत वाढतात आणि एकदा मूळ धरल्यावर फारसे पाणी मागत नाहीत. त्यामुळे अवर्षणप्रवण भागातील परसबाग, बांध व कुंपण यांसाठी दोहोंचा विचार केला जातो. मात्र त्यांचे उपयोग, वाढीची गती, लागणारी जागा आणि संभाव्य तोटे परस्परांहून भिन्न आहेत.

## पार्श्वभूमी: हिवरे बाजार आणि पाण्याचा हिशेब

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. येथे वर्षाला सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९७२च्या दुष्काळानंतर गावातून मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले होते. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यावर आणि पुढे राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत सहभाग घेतल्यावर गावाने डोंगरउतारावर समतल चर, बंधारे व वृक्षलागवड यांची कामे श्रमदानाच्या जोडीने केली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळण्यात आली. शेतीच्या सिंचनासाठी विंधन विहिरी न घेण्याचा, तसेच ऊस व केळी ही जास्त पाणी लागणारी पिके टाळण्याचा नियमही गावाने स्वीकारला. पवार यांना २०२० साली पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

गावात दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसे व जनावरे यांच्या पिण्याच्या पाण्याची तरतूद आधी करून उरलेल्या पाण्यावर पिके ठरवली जातात. हाच विचार परसबागेला लावला, तर वनस्पती किती गुणकारी आहे याआधी ती उन्हाळा कशावर काढते हे पाहावे लागते. या कसोटीवर गुळवेल आणि करवंद दोन्ही उतरतात, परंतु वेगवेगळ्या मार्गांनी. गुळवेल उन्हाळ्यात पाने गाळून मांसल खोडातील साठ्यावर तग धरते, तर करवंद जाड व चिवट पाने राखून उन्हाळाभर हिरवे राहते.

## वर्णन व ओळख

### गुळवेल

गुळवेल मेनिस्पर्मेसी कुलातील आहे. संस्कृतमध्ये तिला गुडूची व अमृता, तर हिंदीत गिलोय म्हणतात. पाने एकाआड एक, लांब देठाची, हृदयाकृती व गुळगुळीत असतात. जून खोडाची साल पातळ व कागदासारखी असून ती सोलली असता आतला हिरवा भाग दिसतो. खोडाच्या आडव्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना आढळते. फांद्यांपासून दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली लोंबतात. खोड जमिनीलगत तोडले, तरी वरचा भाग नवे हवाई मूळ जमिनीकडे सोडून पुन्हा जगू शकतो.

नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फुले लहान व पिवळसर असून बहुधा वेल निष्पर्ण असताना फुलते. फळे वाटाण्याएवढी आणि पिकल्यावर लाल होतात. ती खाण्यासाठी लावली जात नाहीत.

गुळवेल बांडगूळ किंवा अमरवेलीप्रमाणे परजीवी नाही. ती आधाराच्या झाडातून अन्नरस शोषत नाही. तथापि लहान झाडावर दाट पसरल्यास ती त्याचा सूर्यप्रकाश अडवते.

### करवंद

करवंद अपोसायनेसी, म्हणजे कण्हेरीच्या कुलातील आहे. झुडूप साधारणपणे २ ते ४ मीटर उंच वाढते. पाने समोरासमोर, अंडाकृती, जाड व चकचकीत असतात. काटे जोडीने येतात आणि ते साधे किंवा टोकाशी दुभंगलेले असतात. फांदी, पान किंवा कच्चे फळ तोडल्यास पांढरा चीक येतो. फुले पांढरी व सुवासिक असतात. फळ कच्चे असताना हिरवे असते, पुढे तांबूस आणि पिकल्यावर काळे-जांभळे होते.

सह्याद्रीतील रानकरवंदांचा उल्लेख अनेक ग्रंथांत कॅरिसा कंजेस्टा या नावानेही होतो. एप्रिल ते जून या काळात घाटमाथ्यावर व कोकणात पळसाच्या पानांच्या द्रोणांतून विकली जाणारी करवंदे ‘डोंगराची काळी मैना’ या नावाने ओळखली जातात.

## लागवड

### गुळवेलीची लागवड

गुळवेलीची अभिवृद्धी छाट कलमाने सहज होते. दोन ते तीन डोळे असलेले, पेन्सिलीएवढ्या जाडीचे जून खोडाचे तुकडे मे-जूनमध्ये पिशवीत किंवा थेट जमिनीत लावले जातात. पावसाळ्यात ते लवकर फुटतात. मध्यम ते हलकी, निचऱ्याची जमीन पुरते. वेलीला आधार आवश्यक असतो. त्यासाठी कडुनिंबासारखे वाढलेले झाड, मांडव किंवा जाळी वापरतात. कडुनिंबावर चढलेली गुळवेल औषधासाठी अधिक चांगली, असे आयुर्वेदाच्या परंपरेत मानले जाते. वेल मोकळी सोडल्यास छपरावर व शेजारच्या झाडांवर पसरते, म्हणून तिची वेळोवेळी छाटणी करावी लागते.

### करवंदाची लागवड

करवंदाची रोपे मुख्यतः बियांपासून तयार करतात. बियांची उगवणशक्ती लवकर घटत असल्याने पिकलेल्या फळांतून काढलेले ताजे बी पेरणे इष्ट ठरते. गुटी कलमानेही अभिवृद्धी करता येते. साधी छाट कलमे सहजासहजी मुळे धरत नाहीत. कुंपणासाठी रोपे सुमारे एक मीटर किंवा त्याहून कमी अंतरावर, तर फळांसाठी दोन ते तीन मीटर अंतरावर लावतात.

झुडूप मुरमाड व खडकाळ जमिनीत वाढते, पण साचलेले पाणी सोसत नाही. पहिले एक-दोन उन्हाळे रोपांना थोडे पाणी व आच्छादन द्यावे लागते. फळधारणा साधारणपणे तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात विकसित केली आहे. पंतनगर येथील कृषी विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ व ‘पंत सुवर्णा’ या जातीही प्रचलित आहेत.

## तुलना

| बाब | गुळवेल | करवंद |
|---|---|---|
| कुल | मेनिस्पर्मेसी | अपोसायनेसी |
| वाढीचा प्रकार | आधाराने चढणारी, पानगळ होणारी वेल | काटेरी, सदाहरित झुडूप |
| वाढीची गती | जलद | सुरुवातीस मंद |
| सोपी अभिवृद्धी | छाट कलम | ताजे बी, गुटी कलम |
| उपयुक्त भाग | मुख्यतः खोड | फळ |
| आधार | आवश्यक | अनावश्यक |
| कुंपण म्हणून | स्वतंत्रपणे निरुपयोगी | उत्तम |
| उन्हाळ्यातील रूप | बहुधा निष्पर्ण | हिरवे, फळांनी युक्त |
| मुख्य अडचण | फळबागेजवळ किडीस आश्रय. औषधी वापरात जोखीम | काटे. तोडणी कष्टाची |

## उपयोग

गुळवेलीचा उल्लेख चरकसंहिता व सुश्रुतसंहिता या ग्रंथांत येतो. तिचे खोड अमृतारिष्ट, संशमनी वटी इत्यादी आयुर्वेदीय कल्पांत वापरले जाते. खोड कुटून पाण्यात भिजवल्यावर तळाशी बसणारा पांढरा पिष्टमय भाग वाळवून गुळवेल सत्त्व तयार करतात.

करवंदाचे महत्त्व प्रामुख्याने आहारात आहे. कच्च्या फळांचे लोणचे व चटणी, तर पिकलेल्या फळांचे सरबत व मुरंबा करतात. कच्च्या फळांत पेक्टिन भरपूर असल्याने जेली चांगली जमते. बेकरीतील केकवर लावली जाणारी लाल ‘चेरी’ पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवलेले, रंगवलेले करवंदच असते. पक्षी पिकलेली फळे खातात व बियांचा प्रसार करतात. दाट काटेरी झुडूप जनावरांना अडवते आणि बांधावरील माती धरून ठेवते.

## तोटे व दक्षता

### फळबागांचा प्रश्न

फळांतील रस शोषणाऱ्या पतंगांच्या (युडोसिमा प्रजाती) अळ्या गुळवेल, वासनवेल आदी मेनिस्पर्मेसी कुलातील वेलींच्या पानांवर वाढतात. प्रौढ पतंग रात्री बागेत येऊन मोसंबी, संत्रा, डाळिंब इत्यादी फळांना सोंडेने छिद्र पाडतो व रस शोषतो. छिद्रातून बुरशी व जिवाणूंचा शिरकाव होऊन फळ सडते व गळते. या कारणास्तव फळबागेच्या परिसरातील अशा वेली काढून टाकण्याची शिफारस कृषितज्ज्ञ करतात.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. जिल्ह्यात डाळिंब व लिंबूवर्गीय फळांच्या बागा आहेत, आणि डाळिंबाची ‘भगवा’ ही जात राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठानेच प्रसारित केली. एका परसातील औषधी वेल शेजाऱ्याच्या फळबागेतील किडीचे प्रजननस्थान ठरू शकते. त्यामुळे गुळवेल लावण्याचा निर्णय केवळ एका घरापुरता राहत नाही.

### औषधी वापरातील दक्षता

कोविड-१९ साथीच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला जाऊ लागला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर देशातील अनेक रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासात अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याची भूमिका घेतली आणि टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या तिच्याशी साम्य असलेल्या दुसऱ्या जातीमुळे गफलत होऊ शकते, असे निदर्शनास आणले.

टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. टिनोस्पोरा सायनेन्सिस या जातीच्या पानांची खालची बाजू लवदार असते, तर गुळवेलीची पाने गुळगुळीत असतात. मात्र अचूक ओळख पटली, तरी जोखीम संपत नाही. यकृताचे किंवा स्वयंप्रतिकारजन्य आजार असलेल्या व्यक्तींनी, मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय गुळवेलीचे सेवन टाळणे आवश्यक आहे.

### करवंदाच्या मर्यादा

करवंदाचे पिकलेले फळ खाद्य असल्याने त्याच्या वापरास अशी बंधने नाहीत. अडचण काट्यांची आहे. लहान मुले खेळतात त्या अंगणात, पायवाटेलगत किंवा दाराशी हे झुडूप लावणे सोयीचे नसते. त्याचा चीक कपड्यांना व हाताला चिकटतो. कुंपणाची नियमित छाटणी न केल्यास ते आडवे पसरून जागा व्यापते, आणि अति छाटणी केल्यास फळे कमी लागतात.

## निवडीचे निकष

कुंपण, बांध किंवा परसाची कड उपलब्ध असल्यास आणि घरात खाण्याजोगे फळ हवे असल्यास करवंद अधिक उपयुक्त ठरते. ते उशिरा फळ देते, पण नंतर अनेक वर्षे अल्प निगेवर टिकते. जागा अपुरी असून कडुनिंबासारखे मोठे झाड आधीपासून असेल, आसपास डाळिंब वा लिंबूवर्गीय फळांची बाग नसेल आणि वेलीचा वापर जाणकाराच्या सल्ल्याने होणार असेल, तर गुळवेल योग्य ठरते.

दोन्ही लावायच्या असल्यास गुळवेल करवंदाच्या कुंपणावर चढू देत नाहीत. वेलीच्या सावलीने झुडपाची फळधारणा घटते आणि काट्यांत गुंतलेली वेल काढणे अवघड होते. पावसाच्या सुरुवातीस केलेली लागवड दोहोंनाही मानवते. पाण्याची वाटणी करताना मात्र पहिल्या दोन उन्हाळ्यांचे राखीव पाणी करवंदाच्या रोपांसाठी धरावे लागते.