रंगांच्या आधीचा पडदा

रंगीत टीव्ही म्हटलं की 1982 आठवतं. 15 ऑगस्टचा लाल किल्ला, मग दिल्लीचं एशियाड. पण मला सांगायचंय ते त्याआधीच्या कृष्णधवल पडद्याविषयी आणि एका मराठी भौतिकशास्त्रज्ञाविषयी.

कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस विश्वकिरणांचे अभ्यासक. अमेरिकेत होते, विक्रम साराभाईंनी बोलावलं तसे परतले. पुढे ‘साइट’ या प्रयोगाची धुरा त्यांच्याकडे आली. तोवर टीव्ही आधी शहरात येई, खेड्यानं वाट पाहायची. इथं क्रमच उलटला. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर, सहा राज्यांतल्या मागास जिल्ह्यांतली सुमारे 2400 गावं थेट उपग्रहाशी जोडली गेली. युक्ती साधी होती. अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहाचा अँटेना नऊ मीटरचा, संदेश जोरकस. त्यामुळे गावात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री पुरे! वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालले.

या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या मध्य प्रदेशात, आंध्रात चित्रं उमटली. आमचं जंगल कोरडंच राहिलं. ही रुखरुख मला आहे. रंग आले त्याच ऑगस्ट 1982 मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पुढच्या वर्षी आमच्या ऊर्जानगरचा पहिला वीजसंच सुरू झाला. वीज मात्र दूरदूरच्या शहरांकडे निघाली.

रंग आले तेव्हा चिटणीस अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते. 2025 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, पुण्यात ते गेले.