कमलाबाईंची नीरा

रत्नागिरीत माड म्हटलं की नारळ आठवतो, माडी आठवते. मला मात्र प्रा. कमला सोहोनी आठवतात. 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर कस लावण्याच्या अटीवर आत गेल्याच. 1939 ला केंब्रिजची पीएचडी मिळवली.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांसोबत संशोधन केलं ते गरिबाच्या ताटातल्या गोष्टींवर: कडधान्यं, ताडगूळ, नीरा. नीरा म्हणजे झाडाचा ताजा, न आंबलेला रस. कुपोषित मुलांना तो उपयोगी पडतो, हे त्यांनी दाखवलं. अडवलेल्या मुलीचं विज्ञान असं पोरांच्या पोटापर्यंत पोचलं. आपला अभ्यास कुणापर्यंत पोचतोय?