दस्तक : दारावरची आणि घाटातली

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात आग्र्याहून सुटकेचा विषय निघाला. महाराजांनी आपल्या माणसांना परत पाठवण्यासाठी बादशहाकडे दस्तके मागितली, असे मी सांगितले आणि मागच्या बाकावरून हात वर आला. "सर, दस्तक म्हणजे दारावर टकटक ना? मग महाराजांनी औरंगजेबाकडे टकटक कशी काय मागितली?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न चुकीचा नव्हता. मुलीच्या घरी उर्दू बोलली जाते आणि उर्दूत दस्तक म्हणजे दार ठोठावणेच. जुन्या मराठी कागदांत मात्र दस्तक म्हणजे वाटेचा परवाना. मूळ एकच, फारसीतला 'दस्त', म्हणजे हात. एका भाषेत तो हात दारावर पडला, दुसऱ्या भाषेत कागदावर. दोन्हींचा अर्थ शेवटी एकच निघतो, मला आत येऊ द्या, मला पुढे जाऊ द्या.

त्याच आठवड्यात कॅनडातून भाच्याचा फोन आला. तो विंडसरला राहतो आणि कामाला नदीपलीकडे डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकेत जातो. त्याला नेक्सस नावाचे कार्ड मिळाले होते. "मामू, लोक रांगेत उभे असतात आणि मी बाजूच्या मार्गिकेतून निघून जातो!" त्याचा आनंद खराच होता. हे कार्ड मिळण्यासाठी दोन्ही देशांकडून चौकशी होते, बोटांचे ठसे देतात, मुलाखत होते. कार्ड पाच वर्षे चालते. गाडीतल्या प्रत्येकाकडे, अगदी लहान मुलाकडेही, स्वतःचे कार्ड असावे लागते. एकाकडे नसेल तर सगळ्यांना साध्या रांगेत जावे लागते. अशा प्रवाशाला इंग्रजीत 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर' म्हणतात. विश्वासू प्रवासी.

मी त्याला म्हणालो, "बेटा, तुला दस्तक मिळाली." त्याला कळले नाही. म्हणून हा लेख.

आपल्या भोर-वेल्ह्याचा मुलूख मुळात वाटांचा आणि घाटांचा. हिरडस मावळातून वरंधा घाट महाडकडे उतरतो. वेल्ह्याच्या केळदजवळून मढे घाटाची वाट कोकणात जाते. वर देश, खाली बंदरे. वरून धान्य, गूळ जायचा, खालून मीठ आणि नारळ यायचे. माल बैलांच्या पाठीवर आणि घाटाच्या तोंडाशी चौकी. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती वसुली. मावळातल्या देशमुखांचे महत्त्व त्यांच्या शेतीत जेवढे होते, तेवढेच या वाटांवरच्या हुकमतीत होते.

त्या चौकीवरचे शब्द बघा. 'जकात' हा आपला जकातच, अरबीतला. इस्लाममध्ये तो गरिबाचा हक्क आहे, धनवानाने आपल्या मालातून काढून द्यायचा हिस्सा. सरकारी दप्तरातून फिरत फिरत तो मराठीत आला तेव्हा नाक्यावरचा कर होऊन बसला. 'रहदारी' हा शब्द तर आपण रोज वापरतो, पुण्यात रहदारी फार वाढली म्हणतो. मुळात राहदार म्हणजे वाटेचा राखणदार आणि राहदारी म्हणजे वाट राखण्याबद्दल घेतलेला पैसा. औरंगजेबाने कारकिर्दीच्या सुरुवातीलाच राहदारी बंद करण्याचा हुकूम काढला होता. खाफीखान लिहितो की दूरदूरचे अंमलदार आणि जमीनदार तरीही ती वसूल करतच राहिले. हुकूम दिल्लीत निघतो, हात घाटात पसरलेला असतो.

पेशवाईपर्यंत या चौक्या इतक्या झाल्या होत्या की व्यापाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. माल भरला तिथे जकात, वाटेत जकात, विकला तिथे जकात. त्यातून एक धंदाच उभा राहिला, हुंडेकऱ्यांचा. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकदाच ठरलेली रक्कम द्यायची. वाटेतल्या सगळ्या नाक्यांचे बघणे मग त्याच्याकडे. त्याची नाक्यावर ओळख असायची, हिशेब चालू असायचा, म्हणून त्याचे बैल फार खोळंबत नसत. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात या हुंडेकऱ्यांची नोंद आहे. आज खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो आणि दांडी वर जाते, तेव्हा मला हुंडेकरी आठवतो. पैसे आधी भरलेले, ओळख आधी पटलेली, थांबायचे कारण उरले नाही.

पण हुंडेकरी मालासाठी होता. माणसाला लागायची ती दस्तक. कोण जातो, कुठून कुठे जातो, बरोबर माणसे आणि जनावरे किती, हे तिच्यात लिहिलेले असे. वाटेतल्या चौकीदारांना आणि जकातदारांना हुकूम असे की याला अडवू नका. खाली शिक्का. चौकीवरचा माणूस तुम्हाला ओळखत नसतो, तो शिक्का ओळखतो.

आता आग्र्याकडे वळू, कारण ती हकीकत शेवटी आपल्या वेल्ह्यात येऊन संपते. १२ मे १६६६ ला महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, अपमान झाला आणि पुढे ते पहाऱ्यात अडकले. मिर्झाराजा जयसिंगाचा मुलगा रामसिंग याने त्यांच्यासाठी बादशहाला जामीनखत लिहून दिले. मग महाराजांनी सोबत आणलेली बरीचशी माणसे दक्षिणेत परत पाठवण्याची परवानगी मागितली. बादशहाला ते बरेच वाटले, कारण कैद्याभोवतीची माणसे कमी होत होती. दस्तके मिळाली आणि माणसे निघून गेली. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. ती टकटक नव्हती, पण बंद दार उघडण्याची ती पहिली खूण नक्कीच होती.

मग पेटारे आले. मिठाईचे मोठे पेटारे रोज बाहेर जाऊ लागले. सुरुवातीला पहारेकरी ते उघडून बघत. रोज उघडले, रोज मिठाईच निघाली. हळूहळू कुणी उघडेनासे झाले. विश्वासू प्रवाशाच्या कार्डामागचा सगळा विचार या पेटाऱ्यांत आहे, हे भाच्याला सांगितले तर तो पोट धरून हसेल. वारंवार तपासले, काही सापडले नाही, आता तपासू नका. सोय हीच आणि धोकाही हाच. म्हणूनच आजची यंत्रणा कार्डवाल्यालाही मधूनच थांबवून तपासते. पेटारा कधीतरी उघडायचा असतो, हे ती विसरत नाही.

१७ ऑगस्टला महाराज निसटले आणि त्याच वर्षी राजगडावर पोचले. २०२४ मध्ये राज्य सरकारने वेल्हे तालुक्याला ज्याचे नाव द्यायचे ठरवले, तोच हा राजगड. आपण ही गोष्ट इथे थांबवतो. आग्र्यात मात्र ती थांबली नाही. रामसिंगावर संशय घेतला गेला, त्याचा दरबार बंद झाला, मनसब गेली. ज्याने शब्द दिला होता, त्याच्यावर आधी वीज पडली. दस्तकेवर प्रवाशाचे नाव असते. तिच्यामागे उभ्या असलेल्या जामिनाचे नाव इतिहासात बारीक अक्षरात येते.

दस्तक असूनही सगळे सुखरूप पोचत असे नाही. समुद्रावर पोर्तुगीजांचा असाच परवाना चाले, त्याला कार्ताझ म्हणत. अरबी समुद्रात जहाज न्यायचे तर तो घ्यावाच लागे, हाजींच्या जहाजांनाही. १६१३ मध्ये अकबराची बेगम आणि जहांगीरची आई मरियम-उज्-जमानी हिचे 'रहीमी' हे जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले. जहाजावर हाजी होते आणि कार्ताझही होता. परवाना देणाऱ्यानेच परवाना मोडला, तर दाद कुणाकडे मागायची?

आणखी एक धोका याहून मोठा आहे. तो बंगालमध्ये दिसला. फर्रुखसियर बादशहाने १७१७ मध्ये इंग्रजांच्या कंपनीला फर्मान दिले. वर्षाला तीन हजार रुपये भरायचे आणि बंगालमध्ये जकातीशिवाय व्यापार करायचा. कंपनीच्या अधिकाऱ्याची दस्तक दाखवली की चौकी मोकळी. सवलत कंपनीच्या मालासाठी होती. पण कंपनीचे नोकर आपल्या खासगी व्यापारालाही तीच दस्तक दाखवू लागले. पुढे तर ते इतर व्यापाऱ्यांना दस्तका विकू लागले. बंगालचा साधा व्यापारी, हिंदू असो वा मुसलमान, नाक्यावर पूर्ण जकात भरी आणि शेजारून दस्तकवाल्याची नाव फुकट निघून जाई. दोघांचा माल एकच, बाजार एकच. सांगा, कोण टिकेल?

नवाब मीर कासिमने तक्रारी केल्या, बोलणी केली, काही झाले नाही. शेवटी १७६३ मध्ये त्याने सगळ्यांचीच जकात माफ करून टाकली. काही जणांसाठी वाट मोकळी असेल तर ती सगळ्यांसाठी मोकळी असू द्या. आपल्याच व्यापाऱ्यांना बरोबरीने उभे करणारा हा निर्णय कंपनीला सहन झाला नाही. लढाई झाली, १७६४ मध्ये बक्सारला मीर कासिम आणि त्याचे साथीदार हरले आणि पुढचे सगळ्यांना माहीत आहे. बंगाल गेला त्यामागे इतर कारणेही होती. पण एका लहानशा कागदाने तो जायला सुरुवात झाली, हे मी वर्गात नेहमी सांगतो.

आता आपल्याकडेही विमानतळांवर अशी सोय आली आहे. जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी काही विमानतळांवर ती सुरू झाली. नोंदणी करायची, बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायचा, चौकशी झाली की यंत्राच्या दारातून पुढे जायचे. मला यात वाईट काही दिसत नाही. ज्याची माहिती आधीच तपासली आहे, त्याला पुन्हा तासभर उभे करण्यात कुणाचे भले आहे? मागच्या रांगेतल्यांचाही वेळ वाचतो. आपल्यातल्या ज्यांना कामासाठी वारंवार आखातात जावे लागते, त्यांनी चौकशी करून नोंदणी करायला हरकत नाही.

मी फक्त दोन प्रश्न विचारतो, इतिहासाचा मास्तर म्हणून. विश्वासू कोण, हे कशावरून ठरते? आणि ज्याला कार्ड नाही, त्याच्याकडे आपण कसे बघतो?

पहिल्या प्रश्नाचा अनुभव मला कोणत्याही सीमेवर आला नाही. तो पुण्यात आला, बीएड करत होतो तेव्हा. खोली शोधत होतो. एका घरमालकांशी भाडे ठरले, अनामत ठरली, चहा झाला. मग त्यांनी पूर्ण नाव विचारले. नाव सांगितल्यावर त्यांना अचानक आठवले की गावाहून पुतण्या राहायला येणार आहे. असे तीन ठिकाणी तीन पुतणे आले. कुणी वाईट बोलले नाही. दांडी फक्त वर गेली नाही.

शेवटी भोरच्या माझ्या मराठीच्या गुरुजींना सांगितले. ते एसटीने पुण्याला आले आणि चौथ्या घरमालकांसमोर बसून म्हणाले, "हा माझा विद्यार्थी. याचे भाडे थकले तर माझ्याकडून घ्या आणि याच्याबद्दल तक्रार आली तर आधी मला सांगा." खोली मिळाली. माझे मार्क, माझी वागणूक, माझे प्रमाणपत्र यातले काही त्या दिवशी बदलले नव्हते. फक्त एका माणसाने आपला शब्द माझ्यामागे उभा केला होता. रामसिंगाचा धडा शिकवताना माझा आवाज जरा बदलतो, त्याचे कारण हे.

त्या खोलीत मी दोन वर्षे राहिलो आणि एकदाही भाडे एक तारखेच्या पुढे जाऊ दिले नाही. भीती घरमालकांची नव्हती, गुरुजींच्या शब्दाची होती.

आपल्याला हे कुणी वेगळे शिकवायची गरज नाही. प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना नुबुव्वतीच्या आधीपासून मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत, म्हणजे विश्वासू. मक्का सोडावी लागली त्या रात्रीही लोकांच्या अमानती त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला परत देण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले. जे लोक जिवावर उठले होते, त्यांच्याही ठेवी त्यात होत्या. आणि मदिनेच्या वाटेवर वाटाड्या म्हणून कुणाला घेतले? अब्दुल्लाह बिन उरैकित याला. तो मुसलमान नव्हता. जीव हातात घेऊन निघालेल्या प्रवासात वाटाड्या निवडताना त्याचा धर्म पाहिला नाही, त्याचा भरवसा आणि त्याला असलेली वाटांची माहिती पाहिली. विश्वासू प्रवासी कोण हे ठरवायची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मीर कासिम देऊन गेला. वेगळी मार्गिका असायला हरकत नाही. पण साध्या रांगेतला माणूस संशयित नसतो, त्याची फक्त ओळख अजून पटलेली नसते. कार्डवाल्याने हे विसरू नये आणि चौकीवाल्याने तर मुळीच विसरू नये.

भाच्याला मी एवढेच सांगितले, "कार्ड सांभाळ. तुझ्या मागून त्याच नावाचा, त्याच गावाचा दुसरा मुलगा अर्ज करेल. तू कसा वागलास, यावर त्याच्याकडे कसे बघितले जाईल हे थोडेफार ठरणार आहे. असे व्हायला नको, पण होते."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मामू, मीपण जामीन झालो."

गुरुजी आता नाहीत. माझे विद्यार्थी पुण्याला शिकायला जातात, तेव्हा खोलीसाठी घरमालकांकडे मी जातो. मुलांची नावे सगळ्या प्रकारची असतात. घरमालक दार उघडतात आणि मी म्हणतो, "हा माझा विद्यार्थी."