आवाज वजा गाणे

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. कळंब्यात आमच्या शेजारी राहणारी एक महाविद्यालयीन मुलगी गणेशोत्सवातल्या कार्यक्रमासाठी एक जुने चित्रपटगीत घेऊन आली. 'काका, यातला गाणाऱ्याचा आवाज तेवढा काढून द्या, मागचं संगीत राहू दे. मी त्यावर म्हणेन.' मी 'ऑडॅसिटी' उघडले, ऐकून ठाऊक असलेली कृती केली, आणि दोघेही कान देऊन बसलो. गायक गेला होता खरा. पण त्याच्याबरोबर तबला, पेटी, सारंगी असे सगळेच गेले होते. उरली होती ती किंचित खरखर.

हे का झाले, याचे उत्तर तंत्रात जितके आहे तितकेच इतिहासात आहे. ती कृती साध्या वजाबाकीची आहे. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या अशा दोन वाहिन्या असतात. मुख्य गायकाचा आवाज बहुधा दोन्हींत सारखा ठेवलेला असतो, वाद्ये मात्र कमीअधिक प्रमाणात इकडेतिकडे विभागलेली असतात. एका वाहिनीतून दुसरी वजा केली की जे सारखे असते ते नाहीसे होते. परंतु जुने गाणे मोनो असते. त्याच्या दोन्ही वाहिन्यांत एकच ध्वनी असल्याने वजाबाकी शून्यावर येते. स्टिरिओचे पेटंट मिळवण्यासाठी ॲलन ब्लमलाइन यांनी इंग्लंडमध्ये अर्ज केला तो 1931 साली. त्यानंतर दोन वाहिन्यांची तबकडी बाजारात यायला 1950 च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

ब्लमलाइन यांच्या अर्जानंतर लगेचच, 1932 मध्ये, आमच्या कोल्हापुरात 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' तयार झाला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. 'न्यू थिएटर्स'ने कलकत्त्यात ती 1935 मध्ये रुजवली. कोल्हापूरच्या त्या बोलपटात नट कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात असे आणि साथीची वाद्ये चौकटीबाहेर राहून वाजत. कंठ, वाद्य आणि त्या जागेचा घुमारा हे सारे मिळून एकच ध्वनिरेषा उमटे. तेथे 'मागचे संगीत' नावाची वेगळी वस्तूच नव्हती. जे कधी वेगळे नव्हते ते वेगळे काढून द्या, अशी आपली आजची मागणी आहे.

त्या काळी आवाज काढायचा झाला तर साधन एकच होते, ते म्हणजे कात्री. 1942 मध्ये 'किती हसाल' या चित्रपटासाठी लता मंगेशकरांनी गायिलेले पहिलेवहिले गीत चित्रपटातून वगळण्यात आले. कात्रीला आवाजाबरोबर सबंध गाणेच न्यावे लागते. पुढे काही काळ लताबाई मास्टर विनायकांच्या संस्थेत कोल्हापुरातच काम करीत होत्या, हे येथे सहज आठवते.

मात्र 'आवाजाविना गाणे' ही कल्पना संगणकाने आणली असे समजणे चूक ठरेल. गोविंदराव स्वतः नामांकित पेटीवादक होते. गायकाची साथ करणारी पेटी त्यांनी स्वतंत्र वादनालाही योग्य केली. पेटीवर नाट्यपद वाजू लागले की शब्द नसूनही ऐकणारा मनात शब्द म्हणत असतो. जपानी 'कराओके' या शब्दाचा अर्थ 'रिकामा वाद्यवृंद' असा आहे, आणि त्यातले एक आरंभीचे यंत्र कोबे शहरात 1971 मध्ये आले. रिकामेपण दोन्हीकडे आहे, पण फरकही आहे. पेटीवादक गायकाची जागा स्वतः भरून काढतो; कराओके ती जागा दुसऱ्या कोणासाठी मोकळी ठेवते.

आज परिस्थिती पालटली आहे. 2019 मध्ये फ्रान्सच्या 'डीझर'ने 'स्प्लीटर' ही प्रणाली खुली केली आणि मोनो गाण्यातूनही आवाज वेगळा काढणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जॉन लेननने घरी कॅसेटवर टिपून ठेवलेला आवाज पियानोपासून सोडवून 2023 मध्ये बीटल्सचे नवे गाणे प्रसिद्ध झाले. शेजारच्या मुलीचे कामही मी शेवटी अशाच एका प्रणालीने केले.

येथेच साहित्याच्या अभ्यासकाने थबकायला हवे. वजाबाकी प्रामाणिक होती. तिला जमत नसे तेथे ती शून्य दाखवी. नवी प्रणाली वजाबाकी करीत नाही, ती अनुमान करते. असंख्य गाणी ऐकवून शिकवलेले हे यंत्र, आवाजाखाली झाकलेली सारंगी बहुधा कशी असेल ते ठरवते आणि आपल्या हाती देते. पाठचिकित्सा शिकलेल्यांना हा प्रकार नवा नाही. वाळवीने खाल्लेल्या पोथीत संपादक गळालेले अक्षर तर्काने भरतो. पण ते कंसात भरतो आणि खाली टीप देतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा आपण ती शुद्ध केल्याचे सांगून ठेवले, आणि पुढे कोणी स्वतःची ओवी त्यात मिसळू नये अशी ताकीदही दिली. ध्वनीच्या या नव्या संपादकाला कंस ठाऊक नाही. त्याचे अनुमान आणि मूळ नाद कानाला सारखेच लागतात.

म्हणून आवाज काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. त्या मुलीने गाणे छान म्हटले आणि मंडपातल्या चार वृद्धांचे डोळे पाणावले. चिंता वेगळीच आहे. उद्या मूळ तबकडी झिजेल, फिल्म विरून जाईल, आणि ही 'स्वच्छ' प्रतच मूळ म्हणून फिरू लागेल. मग एखादा अभ्यासक त्या प्रतीतल्या सारंगीवरून 1930 च्या दशकातल्या साथीच्या शैलीविषयी निष्कर्ष काढील, आणि ती सारंगी कोणीच वाजवलेली नसेल.

मी त्या मुलीला दोन फायली दिल्या. एकीवर 'मूळ' असे लिहिले, दुसरीवर 'आवाज काढलेली, यंत्राच्या अंदाजाने'. तिला ते नाव फार लांबलचक वाटले. पण पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव आणि शके लिहून ठेवत असे, ते उगाच नव्हे.